पालवणकर बंधू आणि निष्ठेचा हिशेब

एखाद्या खेळाडूने, कामगाराने किंवा कार्यकर्त्याने आपले उभे आयुष्य एकाच संस्थेच्या सेवेत घालविले म्हणजे त्याच्या निरोपसमारंभात 'निष्ठा' हा शब्द हटकून उच्चारला जातो. शाल-श्रीफळ देणारे हात बहुधा त्याच मंडळींचे असतात, ज्यांनी त्या निष्ठेचा लाभ घेतलेला असतो. निष्ठा हा सद्गुण आहे याविषयी वाद नाही. परंतु ती कोणत्या अटींवर दिली गेली, देणाऱ्यापुढे दुसरा मार्ग खुला होता काय, आणि घेणाऱ्याने तिच्या बदल्यात काय दिले, हे प्रश्न त्या समारंभात विचारण्याची पद्धत नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू हे अशा निष्ठेचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे एकाच क्लबसाठी पाय झिजविणारे, पैशामागे न धावणारे, हरलेल्या संघाबरोबरही राहणारे खेळाडू, असे त्यांचे चित्र आजही मोठ्या हळहळीने रंगविले जाते. या चित्रातील माणसे खरी होती. एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीनने १९२७-२८ च्या हंगामात लीगमध्ये ६० गोल केले. तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. १९२५ पासून १९३८ पर्यंत तो त्याच क्लबकडे राहिला आणि अखेर क्लबने त्याला खालच्या श्रेणीतील नॉट्स कौंटीला विकून टाकले. विकून टाकले, हाच तेथील व्यवहारातला नेमका शब्द आहे.

कारण १८९३ पासून इंग्लिश लीगमध्ये एक नियम होता. हंगाम संपला की प्रत्येक क्लब दोन याद्या काढी : राखून ठेवलेल्या खेळाडूंची आणि विकावयाच्या खेळाडूंची. राखून ठेवलेल्या खेळाडूचा करार संपलेला असला, त्याला एक पेनी वेतन मिळत नसले, तरी आपल्या क्लबच्या संमतीवाचून लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून त्याला खेळता येत नसे. जोडीला वेतनाची कमाल मर्यादा. १९०१ मध्ये ती आठवड्याला ४ पौंड होती. १९२२ पासून हंगामात ८ आणि उन्हाळ्यात ६ पौंड. सर्वच क्लबांत कमाल वेतन तेवढेच असल्यामुळे मोठ्या खेळाडूने जायचे तरी कशासाठी आणि कोठे? १९२८ मध्ये आर्सेनल क्लबने बोल्टनकडून डेव्हिड जॅक याला १०,८९० पौंडांना घेतले. आठवड्याला ८ पौंडांनी मोजले तर ही रक्कम सव्वीस वर्षांच्या वेतनाएवढी होते. ती सर्व क्लबच्या तिजोरीत गेली. नव्या करारावर सही करण्याबद्दल नियमाने खेळाडूच्या हाती पडावयाचे ते १० पौंड. बाजारात ज्याची किंमत इतकी, त्याच्या श्रमाची मजुरी इतकी, आणि त्या दोहोंमधील अंतराला नाव 'क्लबनिष्ठा'! कमाल वेतनाची मर्यादा उठली १९६१ मध्ये, तीही खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिल्यावर. राखून ठेवण्याच्या नियमाला न्यायालयाने तडा दिला १९६३ मध्ये.

ही सारी कथा आपल्याला परकी वाटू नये. पुण्याच्या लष्कर भागातील एका हिरव्या मैदानावर, जवळपास त्याच वर्षांत, तिची आपली आवृत्ती सुरू झाली होती. इंग्लंडमध्ये खेळाडूला बांधून ठेवणारी दोरी नियमाची होती. येथे ती जन्माची होती.

पालवणकर बाळू हे धारवाडला जन्मलेले, चांभार कुटुंबातील, लष्करात नोकरीला असलेल्या वडिलांबरोबर पुण्यास आलेले. खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरविण्याचे काम त्यांना प्रथम येथील पारशी क्लबात मिळाले. वेतन महिना ३ रुपये. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले. तेथे ४ रुपये. काम तेच : रोलर ओढणे, रेघा आखणे, जाळी बांधणे. क्वचित एखाद्या साहेबाला सरावासाठी चेंडू टाकणे. डावखुऱ्या हातातून सुटणारा तो चेंडू फलंदाजाला सरावापुरता राहू देईना, तेव्हा कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे येथील सर्वांत नामांकित इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांच्यापुढे उभे राहू लागले. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यावयाचे, असा ग्रेगसाहेबांचा शिरस्ता होता अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर ग्रेगना आठ वेळा बाद करणे म्हणजे रोलर ओढण्याचा एक महिना. अर्थशास्त्राच्या वर्गात वेतन आणि उत्पादकता यांच्या संबंधाची पुष्कळ प्रमेये शिकविली जातात. त्यांतले एकही इतके नागवे नसते. आणि फलंदाजी? ती त्या मैदानावर बाळूंना कधीच करू दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची. इंग्लंडमध्येसुद्धा हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' यांच्यातील श्रमविभागणी पुष्कळशी अशीच होती. तेथे दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे असत. हा भेद कागदोपत्री संपला तो १९६२ अखेर.

(आपल्याकडील क्रिकेटविषयक लिखाणात देवधरांना 'प्रोफेसर' आणि पतियाळाच्या राजांना 'महाराज' म्हणण्याचा रिवाज असताना बाळूंचा उल्लेख मात्र सर्रास एकेरी होत आला. इंग्रजी धावपत्रकात पगारी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या मागून छापीत आणि हौशीची आधी. प्रत्येक समाज आपली उतरंड व्याकरणात नोंदवून ठेवतो.)

गोऱ्यांशी सामना द्यावयाचा तर हा गोलंदाज संघात हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळत होते. पण वळत नव्हते. क्लबातील काही तेलुगू सभासद बाळूंना घेण्याच्या बाजूचे, तर ब्राह्मण सभासदांचा विरोध. अखेर विजयाचा लोभ सोवळ्यावर मात करून गेला. बाळू संघात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला, चेंडूला विटाळ नसतो! परंतु खेळ थांबला की सवर्ण खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो तंबूबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या बोळक्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे मांडलेले. तोंडावर पाणी घ्यावयाचे तर मैदानाच्या कोपऱ्यात, अस्पृश्य गड्याच्या हातून. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला बाळूंच्या गोलंदाजीवर हरविल्यानंतर पुण्यात सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाता-पिता का येऊ नये, असा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वेळी विचारल्याचे सांगतात. प्रश्न सरळ होता. उत्तर द्यावयाला पुण्याने बरीच वर्षे घेतली.

शतक संपण्याच्या सुमारास बाळू मुंबईला गेले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात जागा. धाकटे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही यथाकाल त्या वाटेने आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या विजयाचे राष्ट्रीय वृत्तपत्रांनी केलेले कौतुक सर्वांना माहीत आहे. त्या विजयात रोलर ओढणाऱ्या हातांचा वाटा किती होता हे तितके माहीत नाही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले. पस्तिशीतले बाळू मात्र खांदा दुखत असताना गोलंदाजी करीत राहिले आणि दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, प्रत्येकी १९ धावांहून कमी सरासरीने. संपूर्ण प्रथम श्रेणी कारकिर्दीची त्यांची गोळाबेरीज ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१ अशी आहे.

कर्णधारपद? एकदाही नाही.

येथे चौरंगी सामन्यांच्या रचनेचा विचार केला पाहिजे, कारण सारी मेख तेथे आहे. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशा तिरंगी सामन्यांना सुरुवात झाली. १९१२ मध्ये मुसलमान संघ येऊन ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये 'इतरेजन' म्हणून पाचवा संघ आला. १९४६ पर्यंत हे सामने चालले आणि बहुतेक काळ देशातील सर्वांत मोठे क्रिकेट तेच होते. ज्याला मोठे क्रिकेट खेळावयाचे त्याने आपल्या धर्माच्या संघात खेळावयाचे. एव्हर्टनच्या खेळाडूला निदान क्लबने संमती दिली तर दुसरीकडे जाता येई. बाळूंना पारशी संघात जाता येणार नव्हते, मुसलमान संघात जाता येणार नव्हते. त्यांची नोंदणी जन्माच्या वेळीच झालेली होती आणि तीवर कोणताही हंगाम संपत नव्हता. शिवाय ज्या धर्माच्या नावाने ते खेळत, त्याच धर्माच्या देवळाचा दरवाजा त्यांना बंद होता. हिंदू म्हणून चेंडू टाकावा, अस्पृश्य म्हणून बाहेर बसावे! ज्याला बाहेर पडण्याचा रस्ताच नाही त्याच्या टिकून राहण्याला निष्ठा म्हणणे हे शब्दाशी केलेले बेइमानी वर्तन आहे.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका छोटेखानी ग्रंथात हा प्रश्न फार नेमकेपणाने मांडला. संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा या दोहोंच्या मध्ये उभी असते. ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही, आत राहून बोलावयाला लावते. पण त्या बोलण्याला वजन येते ते, 'ऐकले नाही तर हा जाईल' ही शक्यता खरी असेल तेव्हाच. जो जाऊच शकत नाही त्याचे बोलणे ऐकण्याची निकड कोणाला भासणार? पालवणकर बंधूंचा पेच हाच होता. १९१३ मध्ये हिंदू संघाचे नेतृत्व एम. डी. पै यांच्याकडे आले, तेव्हा स्वतः पैंनीच, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. पैंच्या सौजन्याबद्दल आदरच वाटतो. मात्र त्या सौजन्याने निवड समितीचा निर्णय बदलला नाही. एका भल्या माणसाची खंत संस्थेच्या नियमाला पुरी पडत नाही.

मग उजाडले १९२० साल. त्या एका वर्षात महाराष्ट्रात काय काय घडले ते पाहावे : जानेवारीत आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली, ऑक्टोबर अखेर मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षीच्या चौरंगी सामन्यांत मुसलमान संघाविरुद्धच्या पहिल्या लढतीसाठी बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडले. बाळूंचे सर्वांत धाकटे बंधू विठ्ठल हे तेव्हा हिंदू संघाचे पहिल्या प्रतीचे फलंदाज होते. ज्येष्ठतेने आणि कामगिरीने नेतृत्व त्यांच्याकडे यावे हे उघड होते. समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांना कर्णधार केले. देवधर मोठे खेळाडू होते आणि त्यांचा पुढचा लौकिक सर्वांनाच ठाऊक आहे. या प्रकरणात दोष त्यांचा नव्हे. निवडणाऱ्यांनी पाहिले ते धावांचे पुस्तक नव्हते एवढेच.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून नावे काढून घेतली. नुसती काढून घेतली नाहीत. आपल्याला डावलले गेले ते केवळ जातीमुळे, आणि असा अपमान सोसून खेळणे आपल्याला मान्य नाही, हे जाहीर निवेदन काढून सांगितले. ज्यांना जावयाला दुसरा संघ नव्हता, त्यांनी कोठेही न जाण्याचाच मार्ग शोधला. कामगाराच्या भाषेत याला काम बंद ठेवणे म्हणतात. भारतीय क्रीडाक्षेत्राच्या इतिहासात या घटनेची नोंद क्रिकेटच्या रंजक किश्श्यांत होते. वस्तुतः तिची जागा श्रमिकांच्या लढ्याच्या इतिहासात असावयास हवी. दोन माणसांचा संप होता तो. मागे संघटना नाही, निधी नाही, पुढाऱ्यांचे भाषण नाही.

आणि तो सफल झाला, निदान अर्धा. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे बंधू परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. पैंनी मध्येच मैदान सोडून काही काळ नेतृत्व बाळूंकडे दिले. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या त्या गोलंदाजाला मिळालेले नेतृत्व ते एवढेच. सामना अनिर्णित राहून अजिंक्यपद दोन संघांत विभागले गेले. पुढील दोन वर्षांत पुन्हा जुनाच खाक्या. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. त्या वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून अजिंक्यपद मिळविले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. १९२३ ते १९२६ या चार वर्षांतील तीन अजिंक्यपदे हिंदू संघाकडे आली.

या ठिकाणी इंग्लंडशी एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. जॅक हॉब्ज हा त्या देशाचा सर्वश्रेष्ठ फलंदाज पगारी खेळाडू होता. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत हौशी कर्णधार कार आजारी पडला, म्हणून हॉब्जने सामन्यापुरती धुरा उचलली. अगदी पै आणि बाळू यांच्यासारखी. पुढच्या, ओव्हलच्या कसोटीसाठी समितीने नेतृत्व हॉब्जकडे ठेवले नाही. चॅपमन हा हौशी तरुण शोधून आणला. पगारी खेळाडूला इंग्लंडचे रीतसर नेतृत्व मिळावयाला हटनच्या रूपाने १९५२ उजाडावे लागले. वर्गभेदाने ग्रासलेल्या इंग्लंडला जे पाऊल टाकावयाला १९५२ लागले, त्याच्या जोडीचे पाऊल जातिभेदाने ग्रासलेल्या मुंबईत १९२३ मध्ये पडले. याचे श्रेय गांधींच्या अस्पृश्यताविरोधी प्रचाराने पालटलेल्या हवेला देण्याची प्रथा आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हवा पालटली तरी दार आपोआप उघडत नाही. १९२० मध्ये दोघांनी ते ढकलले होते, हे विसरून चालणार नाही.

निष्ठेचा दुसराही नमुना पुण्याने त्याच काळात घडविला होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची शपथ घेत आणि दरमहा ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवीत. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये तेथे आले आणि १९१४ पर्यंत गणित शिकवीत राहिले. शहराने ज्यांना जवळ केले नाही अशा विधवांसाठी १८९६ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि १९०० मध्ये ती गावाबाहेर हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेली. कॉलेजातले काम संपवून ते चार मैल चालत तेथे जात. त्या माळावर आज कर्वेनगर उभे आहे, आणि त्याच्या गर्दीत माळाची खूणही उरलेली नाही. आजीव सदस्यांच्या त्यागाची थोरवी सर्वजण गातात. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही : ती संस्था ते सदस्य स्वतः चालवीत. वेतन किती असावे, कोणाला घ्यावे, पैसा कोठे खर्चावा, हे ठरविण्यात त्यांना मत होते. पटले नाही तर बाहेर पडता येई. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले आणि त्यांचे काहीही अडले नाही. पंचाहत्तर रुपयांची निष्ठा आणि चार रुपयांची निष्ठा यांतील खरा फरक एकाहत्तर रुपयांचा नव्हताच. एकीबरोबर मत होते, दुसरीबरोबर मातीचे बोळके.

आज त्याच पुण्यातील आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे उच्चविद्याविभूषित तरुण वर्षानुवर्षे तासांच्या हिशेबाने पैसे घेतात. सुटी लागली की त्यांचे उत्पन्न थांबते, जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही ते ठाऊक नसते. संस्थेच्या सभांत त्यांना मत नाही. अशांपुढे भाषण करताना कर्वे-आगरकरांच्या त्यागाचे दाखले देणे ही क्रूर थट्टा आहे. क्रिकेटच्या लिलावात कोट्यवधींनी बोली लागते आणि 'राखून ठेवलेल्या' खेळाडूंची यादी दरवर्षी वृत्तपत्रांत झळकते. त्या शब्दाचे मूळ गाव कोणते ते वर सांगितलेच आहे. लिलावातल्या खेळाडूला निदान आपली किंमत मिळते. आणि घरचेच बोलावयाचे तर, पुरोगामी पक्षांनीही आपल्या निष्ठावंत कार्यकर्त्याला सतरंज्या उचलावयाला ठेवून उमेदवारी ऐनवेळी आलेल्या पाहुण्याला दिल्याची उदाहरणे शोधावयाला फार लांब जावे लागणार नाही.

राहता राहिले बाळू. त्यांचे क्रिकेट संपल्यानंतरचे आयुष्य बहुतेक लेखक चार ओळींत उरकतात, कारण ते अडचणीचे आहे. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधींचे उपोषण येरवड्याच्या तुरुंगात चालू असताना जो पुणे करार झाला, त्यावर आंबेडकरांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही आहे. ज्या शहरात चाळीस वर्षांपूर्वी ते महिना ४ रुपयांवर रोलर ओढीत होते, त्याच शहरात. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. चौरंगी सामन्यांनी जो मार्ग बंद ठेवला होता, तोच त्यांनी सर्व अस्पृश्यांसाठी उघडा केला : निघून जाण्याचा. बाळू गेले नाहीत. ते हिंदू समाजात राहिले, काँग्रेसमध्ये राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांच्या विरोधात उभे केले.

यावरून त्यांना काँग्रेसचे प्यादे ठरविणारे आहेत, आणि 'समजूतदार हरिजन' म्हणून त्यांना मिरविणारेही आहेत. दोन्ही गट सारखाच अन्याय करतात. काँग्रेसने त्यांचा उपयोग करून घेतला यात शंका नाही. मोठ्या संस्थांना निष्ठावंतांचा उपयोग नेमका कोठे करावा हे चांगले समजते. आंबेडकरांची बाजू त्या लढतीत अधिक खरी होती असेच इतिहासाने ठरविले, आणि ते योग्यच आहे. पण बाळूंच्या बाजूने एवढे म्हणावयास हवे की बाहेरचा रस्ता समोर स्पष्ट दिसत असताना आत राहण्याची निवड त्यांनी तेव्हा केली. तोपर्यंत त्यांच्याकडून निष्ठा वसूल केली जात होती. ही पहिली त्यांनी स्वतः होऊन दिली. तिच्यामागे भावांनी १९२० मध्ये आत राहूनच, भांडून, काही मिळविले होते हा अनुभव असेल. ज्यांनी भांडून १९२३ पाहिले त्यांना तसे वाटणे अस्वाभाविक नाही. पण १९२३ हे एका संघाचे कर्णधारपद होते, आणि ते मिळवावयाला विठ्ठलएवढ्या धावा कराव्या लागत होत्या. ज्याच्याकडे तशा धावा नाहीत, तशी डावखुरी फिरकी नाही, अशा गावकुसाबाहेरच्या लक्षावधी माणसांनी आत राहून कोणत्या जोरावर आवाज उठवावा, या प्रश्नाला बाळूंच्या आयुष्यात उत्तर नव्हते. आंबेडकर तोच प्रश्न घेऊन उभे होते.

मतमोजणीत आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. विठ्ठल पालवणकरांनी आपल्या क्रीडाजीवनाची हकीगत १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध केली. मातीच्या बोळक्याचा वृत्तांत आपल्यापर्यंत पोचला तो बराचसा तिच्यामुळे. बाळू जुलै १९५५ मध्ये मुंबईत निवर्तले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी नागपूरला दीक्षासमारंभ झाला.